गौरींना एकच साचा नाही

भाद्रपद लागला की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. गौरी गणपतीच्या तिसऱ्याच दिवशी आणाव्यात, मुखवट्यांच्या उभ्या गौरी तेवढ्या शास्त्रोक्त असून खडे किंवा तेरडा ही गरिबीतली तडजोड आहे, आणि कोकणातला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्य हा अधर्म आहे, असे त्यात ठासून सांगितलेले असते. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि तिसऱ्याने तर माणसे दुखावतात.

गौरींचा दिवस चतुर्थीपासून मोजत नाहीत, तो नक्षत्रावरून ठरतो. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. 'ज्येष्ठा गौरी' हे नावही त्या नक्षत्रावरूनच आले आहे. त्यामुळे 2023 मध्ये गौरी तिसऱ्या दिवशी आल्या, 2024 मध्ये चौथ्या आणि 2025 मध्ये पाचव्या. पंचांग उघडले असते तरी हे कळले असते.

मराठवाड्यात आणि विदर्भात मुखवट्यांच्या महालक्ष्म्या बाळांसह उभ्या राहतात, त्यांच्यापुढे पुरणपोळी, आंबील आणि 16 भाज्यांचे पान मांडले जाते, आणि ते रूप देखणे आहेच. पण कोकणस्थांच्या अनेक सधन घरांतही पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावरून मुक्याने आणलेले 5 किंवा 7 खडेच गौरी म्हणून पुजले जातात, तेव्हा याला गरिबीची तडजोड कसे म्हणावे? कोकणातल्या कितीतरी घरांत पावसाळ्यात माळावर फुललेला तेरडा मुळांसकट उपटून आणतात आणि तीच गौर असते. मग तिला साडी नेसवून मुखवटा लावतात. आपला कुलाचार पाळणाऱ्या घराला दुसऱ्याचा कुलाचार खोटा ठरवण्याचा अधिकार मिळत नाही.

आता नैवेद्य. गौर ही माहेरवाशीण आहे, एवढे सगळेच मान्य करतात. मग माहेरी आलेल्या लेकीच्या पानात त्या घरची सणाची जी पंगत असेल तीच पडणार. आल्या दिवशी भाजी-भाकरी आणि दुसऱ्या दिवशी वडे-सागोती हा कोकणातल्या अनेक कुणबी, मराठा, भंडारी घरांचा क्रम आहे, आणि तो पाळताना गणपतीसमोर पडदा धरण्याची काळजीही काही घरे घेतात. दोन दैवतांचे दोन आचार एकाच खोलीत इतक्या आदराने सांभाळणाऱ्या घरांना धर्म शिकवायला जाणे मला उद्धटपणाचे वाटते. कार्ल्याच्या एकवीरेला कोळी-आगरी भाविक कोंबड्या-बकऱ्याचा मान देत आले आहेत, तेव्हा देवीला मांसाचा नैवेद्य ही महाराष्ट्रात अलीकडे शिरलेली विकृती आहे, हे म्हणणेही टिकत नाही. ज्यांच्या घरी शाकाहारी नैवेद्य आहे त्यांनी तो अवश्य दाखवावा; ज्या घरी तिखटाची रीत आहे तिथल्या सुनेला मात्र हा संदेश पाठवून सणाच्या दिवशी खाली मान घालायला लावू नये.

विसर्जन करून परतताना नदीकाठची थोडी वाळू घरी आणून ती घरात आणि परसातल्या झाडांवर टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. तिचा उल्लेख त्या संदेशात कुठेच नसतो.