मेकॅनिकल व्हॉल्व्ह असेल तर गोळी बंद करायची नाही

महाधमनीचा व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाची झडप, बदललेल्यांसाठी म्हणून एक मेसेज सगळीकडे फिरतोय. परवा तो माझ्या मामांपर्यंत पोचला. त्यांना मेकॅनिकल व्हॉल्व्ह आहे, ज्याला आपण मेटलचा म्हणतो. मामांनी फोन करून एवढंच विचारलं, "मग वॉरफरिन बंद करू ना?" वॉरफरिन म्हणजे त्यांची रक्त पातळ करणारी गोळी. म्हणून लिहायला बसले.

मेसेज म्हणतो, सहा महिन्यांत शरीर व्हॉल्व्हला 'स्वीकारतं'. मग रक्त पातळ करणारी गोळी सोडा आणि रोज लसूण खा. हे वाचून कुणी खरंच गोळी सोडली तर जीव जाऊ शकतो, इतकं हे घातक आहे. मेकॅनिकल व्हॉल्व्हची पाती कार्बनची असतात. सहा वर्षं झाली तरी रक्ताला ती परकीच, बिजागरीपाशी गुठळी धरण्याचा धोका कायम. गुठळी वाढली की पातं अडकतं, सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. लसूण तर सोडाच, डॅबिगॅट्रानसारखं रक्त पातळ करणारं ताकदीचं नवं औषधही इथे टिकलं नाही. मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या २५२ रुग्णांवरची 'री-अलाइन' चाचणी २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. डॅबिगॅट्रान घेणाऱ्यांपैकी ९ जणांना पक्षाघात झाला, वॉरफरिन घेणाऱ्यांत एकालाही नाही. मोठा रक्तस्रावही डॅबिगॅट्रानवरच जास्त. चाचणी मध्येच थांबवावी लागली. एवढं झाल्यावर लसणाचं नाव घेता तरी कसं?

आता सहा महिन्यांचा आकडा हवेतून आलेला नाही, हे मान्य करावं लागेल. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेला टिश्यू व्हॉल्व्ह असेल, तर बऱ्याच जणांची वॉरफरिन तीन ते सहा महिन्यांत डॉक्टरच थांबवतात. पण कुठला व्हॉल्व्ह, हे मेसेजमध्ये एका शब्दानेही नाही.

मेसेज पुढे म्हणतो, पालेभाज्या कायमच्या बंद. गरज नाही. त्यातल्या के जीवनसत्त्वाने आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, हलतो, म्हणून प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं.

ऑपरेशननंतर तीन महिने अंथरुणात, असंही त्यात आहे. चालायला तर हॉस्पिटलातच लावतात. छातीचं हाड जुळेपर्यंत जड उचलायचं नाही, ढकलायचं नाही, इतकंच. 'हृदय सहा महिन्यांत नवंकोरं' हेही अर्धवट. अरुंद झडपेतून वर्षानुवर्षं रक्त रेटून जाड झालेला डावा कप्पा व्हॉल्व्ह बदलल्यावर ओसरू लागतो, पण त्याला महिने, कधी वर्षं लागतात.

शेवटचा मुद्दा पार उलटा लिहिलाय: 'टिकटिक ऐकू आली तर व्हॉल्व्ह सैल झालाय.' रात्री खोलीत सामसूम झाली की मामांच्या छातीतली टिकटिक शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते. तो पाती मिटण्याचा आवाज आहे. ती एकाएकी दबली किंवा थांबली, सोबत धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.