डबल ओटी (ओव्हरटाइम) कायद्यात आहे, मग आमच्या खात्यात का नाही?

मी कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेला कामगार, या महिन्याची पगाराची स्लिप बघून डोकं फिरलंय. रविवारी पण गेलो, सेकंड शिफ्ट सुटल्यावर थांबून थर्ड पण मारली, आणि सगळे ओटीचे तास सिंगल रेटने. ते पण ओटी म्हणून दाखवलेच नाहीत, 'इतर भत्ता' असं लिहिलंय, म्हणजे उद्या कोणी तपासायला आलं तर इथे ओटी झालाच नाही असं म्हणायला मोकळे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ओटीला दुप्पट दर होता, नवीन लेबर कोडमध्ये (कामगार कायद्यात) पण दुप्पटच आहे. मग मधला अर्धा पैसा कोणाच्या खिशात गेला ते सांगा ना कोणीतरी!

ठेकेदाराला विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, परवडत नसेल तर सोड, गेटबाहेर माणसं उभीच आहेत. हो आहेत ना उभी. बीड, परभणी, लातूरची, यूपी-बिहारची पोरं चाकणमध्ये खोलीत दाटीवाटीने राहतात, एक शिफ्टला गेला की दुसरा त्याच गादीवर झोपतो. त्यांच्या मजबुरीच्या जोरावरच तर हा असं बोलतो.

लाइनवर माझ्या शेजारी परमनंट माणूस आहे, काम तेच, टार्गेट तेच, पगार माझ्या कितीतरी पट. त्याच्याशी माझं भांडण नाही, त्याला मिळतं ते योग्यच आहे, मला का मिळत नाही एवढंच विचारतोय. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सरकारी हंगामी कामगारांच्या केसमध्ये समान काम समान वेतन म्हटलं, पण आमच्या शॉप फ्लोअरपर्यंत ते कधी पोचणार? इथे तर वर्ष भरायच्या आत ब्रेक देतात आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर चढवतात, मशीन तेच, सुपरवायझर तोच, फक्त गेटपासवरचं नाव बदलतं, त्यामुळे वर्षानुवर्षं राबून पण सर्व्हिस शून्य आणि ग्रॅच्युइटीचं नाव काढायचं नाही.

आणि वरून सप्टेंबर २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यात रोजचे ९ तासांचे १२ तास करायला मंजुरी दिली. म्हणे कामगाराची लेखी संमती घेणार. अहो, कसली संमती? आम्ही जॉइन होताना कोऱ्या कागदांवर सह्या करून देतो, नाही केली तर गेटपास मिळत नाही!! ज्यांनी हे ठरवलं त्यांनी एकदा उभ्याने १२ तास लाइन चालवून बघावी, घरी आल्यावर पोरांशी बोलायचं त्राण राहत नाही हो.

म्हातारपणाचं तर विचारूच नका. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन महिन्याला २०१४ मध्ये १,००० रुपये केली. माझे वडील सूतगिरणीत आयुष्य घालवून रिटायर झाले, त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि दवाखान्याच्या फेऱ्यात तेवढे जातात, जेवण कशातून करायचं? बुलढाण्यात म्हातारी माणसं साखळी उपोषणाला बसली, ७,५०० आणि महागाई भत्ता मागत, किती जणांनी बातमी तरी वाचली.

आणि मग कोणीतरी ऑफिसातला साहेब सांगतो की तुम्ही लोक बचत करत नाही. खोलीभाडं, किराणा, गॅस, शाळेची फी, गावाकडे पाठवायचे, यातून काय उरतं ते त्याने स्वतः हिशोब करून दाखवावं. आम्ही आळशी नाही, उधळे नाही, पूर्ण महिना राबून पण उधारीवर जगतोय कारण आमच्या कामाचा पैसा मधेच कापला जातो.

भीक कोणी मागत नाहीये. ओटी दुप्पट दराने आणि स्लिपवर ओटी म्हणूनच दाखवा. कायमचं काम असेल तिथे ठेकेदारी बंद करा. ठेकेदाराने पैसे बुडवले तर कंपनीकडून वसूल करा, आणि तक्रार करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं तर कंपनीवर केस करा, नुसती नोटीस नको. तोपर्यंत गुंतवणूक आली, एवढे कोटी आले, रोजगार आले अशी भाषणं आमच्यासमोर करू नका.