‘टेन्शन नका घेऊ भाऊ, वकील आपलाच आहे’

बेसा असो, हुडकेश्वर असो की झिंगाबाई टाकळी, नागपुरात प्लॉट पाहायला निघालं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. अरे बावा, कागद तपासणारा हा वकील आपला म्हणजे कोणाचा? दलालाचा! दलाल त्याला वर्षभर कामं देतो, तुम्ही जन्मात एकदा देणार. त्यानं कागदात खोट काढली तर सौदा फिसकटतो, दलाली बुडते आणि पुढची कामं दुसऱ्या वकिलाकडे जातात. तो कशाला खोट काढेल? तरी पन्नास लाखांचा व्यवहार करणारी शहाणीसुरती माणसं दलालाला टक्क्यानं पैसे मोजतात आणि वकिलाच्या फीवर मात्र भाजीबाजारासारखी घासाघीस करतात.

दुसरं लाडकं वाक्य: ‘बँकेच्या वकिलानं पाहिलंय ना, मग झालं.’ काय झालं? त्याचा अहवाल बँकेच्या नावानं असतो, बँकेच्या कर्जापुरता असतो, आणि बरेचदा त्याची प्रत तुमच्या हातीही येत नाही. उद्या मालकीचा दावा उभा राहिला तर हप्ते तुमचे चालूच राहतात. बँकेच्या वकिलानं तुमच्यासाठी काही पाहिलेलंच नसतं.

आता तो जगप्रसिद्ध सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी शोधून मालकीबद्दल वकील देतो तो अहवाल. तीस वर्षांचा शोध म्हणून हातात चार पानं पडतात. त्यातलं दीड पान विक्रेत्याच्याच जुन्या विक्रीपत्रातून उतरवलेलं, एक पान ‘उपलब्ध नोंदींनुसार’, ‘पक्षकाराने दिलेल्या माहितीनुसार’ असली अंग काढून घेणारी वाक्यं, आणि शेवटी ‘मालकी हक्क निर्वेध व विक्रीयोग्य’. शोध कुठे घेतला, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या क्रमांकावर, एक अक्षर नाही. शोध खरंच घेतला असेल तर सरकारी शोध शुल्काची पावती असते. ‘एमएच’नं सुरू होणारा चलन क्रमांक आणि तारीख अहवालात नसेल, तर तो शोध खुर्चीत बसून घेतलाय असं खुशाल समजा.

आणि शोध घेतला तरी कसा घेतला, हा वेगळाच वैताग. नागपुरातल्या एकाच जागेचे पत्ते किती? मौजा म्हणजे गाव, पटवारी हलका क्रमांक, खसरा म्हणजे मूळ शेताचा क्रमांक, लेआउटमधला प्लॉट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, शीट क्रमांक, महापालिकेचा घर क्रमांक. सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीत, दस्त भरणाऱ्यानं यातलं जे टंकलं तेच सापडतं. फक्त प्लॉट क्रमांक टाकून ‘काही आढळले नाही’ म्हणणं म्हणजे शुद्ध कामचोरी. खसऱ्यावर पाहा, सिटी सर्व्हेवर पाहा, विक्रेत्याच्या आणि त्याच्या आधीच्या मालकाच्या नावानं पाहा. ऑनलाइन दिसतं ते संगणक आल्यानंतरचं. त्याआधीचं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन पुस्तकांतच पाहावं लागतं. तिथे जायचा कंटाळा आणि म्हणे तीस वर्षांचा शोध!

बरं, सूचीत दिसतच नाही अशा गोष्टींचं काय? स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेलं बयाणापत्र (इसाराचा करार) सूचीत येत नाही. दिवाणी कोर्टातला दावा तिथे दिसेलच असं नाही. तहसीलदाराकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे चाललेलं फेरफाराचं भांडण येत नाही. म्हणून ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर विक्रेत्याचं नाव टाकून पाहायचं, सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचायचा, तारणासाठी सरसाईवर (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) शोध घ्यायचा, मूळ दस्त डोळ्यांनी पाहायचे, झेरॉक्स नव्हे. आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. तिच्यातही चलाखी बघा: कोणी वाचत नाही अशा पेपरात, खसरा आणि मौजा गाळून, नुसतं ‘प्लॉट नं. अमुक, नागपूर’. हरकत घेणाऱ्याला कळणार कसं?

लेआउटवाल्यांचं तर विचारूच नका. ‘एनए-टीपी आहे साहेब!’ म्हणजे जमीन अकृषिक झाली आणि नगररचना खात्यानं लेआउट मंजूर केला. एनएचा आदेश दाखव म्हटलं की अर्जाची पोच दाखवतो. लेआउटला मंजुरी आहे म्हणतो, ती तात्पुरती निघते. अंतिम मंजुरीचा नकाशा मागितला की फोन लागत नाही. गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीविना पाडलेल्या प्लॉटांत, वेगळी गंमत: ‘डिमांड (नियमितीकरणाचं शुल्क) भरली आहे, आरएल (नियमितीकरणाचं पत्र) येतच आहे.’ डिमांड भरल्याची पावती म्हणजे आरएल नव्हे! आरएल हातात नसताना पूर्ण किंमत कशाची? तुमच्या प्लॉटवर विकास आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण नाही ना, हे भाग नकाशा आणि झोन दाखला काढल्याशिवाय कळत नाही. लेआउटमधली मोकळी किंवा सार्वजनिक उपयोगाची जागा प्लॉट पाडून विकलेली नाही ना, हे मंजूर नकाशा शेजारी ठेवूनच कळतं. वकिलानं नकाशा मागितलाच नाही, तर त्याला बदला.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते वारसांच्या बाबतीत. शेतीचं लेआउट झालं, सातबाऱ्यावर तीन भावांची नावं आणि बहिणी कुठे? ‘त्यांचं लग्न झालं न, त्यांनी सोडलं.’ कशावर सोडलं? नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा. नोटरी केलेला कागद चालणार नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही हेही सांगून टाकलं. तरी अहवालात वंशावळीचं नाव नाही. वारसांत कोणी अज्ञान (अल्पवयीन) असेल आणि त्याचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकला असेल, तर तेही पुढे निस्तरावं लागतं तुम्हालाच. आममुखत्यारपत्रावर ‘मालकी’ विकणारे अजून फिरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय की त्यानं मालकी हस्तांतरित होत नाही.

अहवाल कुठून तरी उचललाय हे ओळखायची एक खूण आहे. नागपूरच्या जमिनीच्या अहवालात १९४८ च्या कूळकायद्यातलं कलम ४३ दिसलं, की समजा पुण्याकडचा नमुना आलाय. विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कूळकायदा आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो भोगवटदार वर्ग दोनच्या, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेल्या जमिनीच्या, अटी काय तपासणार? नझूल (शहरातली सरकारी जमीन) किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजची जागा असेल तर आणखी बोंब. लीज कधी संपलं, नूतनीकरण झालं का, शर्तभंग आहे का, हस्तांतरणाला परवानगी लागते का, हे सगळं बयाण्याआधी विचारायचं असतं, रजिस्ट्रीच्या सकाळी नाही.

फ्लॅटमध्ये भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा तर हवाच, पण नागपुरात बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असतात. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारत आणि प्रत्येक फ्लॅटचा हिस्सा जाहीर करणारा दस्त, वाचा. सगळ्या फ्लॅटचे अविभक्त हिस्से मिळून १०० टक्के व्हायला हवेत. वर नंतर चढवलेल्या फ्लॅटला हिस्सा कुठून दिला, हे विचारलं की बिल्डरचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

मग वकील निवडायचा कसा? त्याला जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे फलक पाहून नाही. दिवसभर दिवाणी आणि महसुली कामं करणारा हवा, अपघाताचे दावे लढवणारा नको. सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक विचारा. नावं झाकलेला एखादा जुना अहवाल दाखवा म्हणा. फी, मुदत आणि काय काय तपासणार हे लेखी घ्या. आणि बयाणापत्रात हे लिहूनच घ्या की मालकीत दोष निघाला तर बयाणा अमुक दिवसांत परत. ‘असं कोणी लिहीत नाही’ म्हणणारा विक्रेता असेल तर उठून या.

विक्रीपत्राचा मसुदा अर्जनवीस (दस्त लिहून देणारा) जुन्यातून उतरवतो आणि चतुःसीमेत पूर्वेची सडक पश्चिमेला जाते. ती सुधारायला चूकदुरुस्ती पत्र लागतं, त्यावर विक्रेत्याची सही लागते, आणि तो वारला असेल तर त्याच्या सगळ्या वारसांची. मसुदा आदल्या दिवशी वाचायला दिला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही, रजिस्ट्रीच्या रांगेत टोकन लागल्यावर सही करायला सांगायची!

आणि रजिस्ट्री झाली, पेढे वाटले, की वकीलसाहेब गायब. फेरफार, आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव, महापालिकेत कराला नाव, हे ‘तुमचं तुम्ही करून घ्या’. आखीव पत्रिकेवर जुन्याच मालकाचं नाव राहतं आणि पुढचा कोणीतरी ‘आपलाच’ वकील तीच पत्रिका पाहून निर्वेध म्हणून अहवाल देतो.