पाच फ्यूज आणि स्टुलावरचे काकाजी

बाबांच्या जुन्या ॲम्प्लिफायरनं पंधरा दिवसांत पाच फ्यूज खाल्ले. बटण दाबलं की 'टक्', की संपलं. तरी मला खरा राग आहे तो नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात स्टुलावर बसणाऱ्या काकाजींचा. आणि तो कालच ताजा झाला.

हे काकाजी दुकानदार नाहीत, गिऱ्हाईक नाहीत. दुकानदाराचे नातेवाईकही नाहीत. दुकानात कूलर आहे, म्हणून ते आहेत. दुकानदार मोबाईलमधून मान वर काढत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलायचं खातं काकाजींकडे.

"काय झालं भाऊ?"

"फ्यूज उडून राहिला काकाजी."

"कितीचा आहे?"

"दोन ॲम्पिअरचा."

"मंग पाचचा लावा ना!"

मी उडालेला फ्यूज दाखवला. काच आतून काळीकुट्ट. म्हटलं, तार नुसती मधून वितळली असती तर गोष्ट वेगळी होती. एवढी काजळी म्हणजे आत सरळ शॉर्ट आहे. पाचचा लावला तर फ्यूज वाचेल आणि ट्रान्सफॉर्मर जळेल.

"मंग सिगारेटची चांदी गुंडाळा. आमच्या घरी मेनला चांदीच आहे. तीस वर्षांत एकदाही फ्यूज गेला नाही."

"आणि घर?"

"घर जळलं होतं एकदा, थोडंसं. पण फ्यूज नाही गेला."

यावर काय बोलणार? मी गप्प बसलो, तर त्यांना वाटलं मला पटलं. मग त्यांनी निदान केलं: गर्मी. "छप्पन डिग्री झाली होती ना आपल्या नागपुरात!" मी म्हटलं, २०२४च्या मे महिन्यातला तो आकडा चुकीचा होता, सेन्सर बिघडला होता, हवामान खात्यानंच नंतर सांगितलं.

"खातं एसीत बसते भाऊ. मी इथं होतो."

इथं म्हणजे कूलरसमोर.

मला खरं तर शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब हवा होता. तो ॲम्प्लिफायरच्या वायरीत सिरीजमध्ये (वीज बल्बमधूनच पुढे जाईल असा) जोडायचा, म्हणजे फ्यूज उडत नाही, सगळा भार बल्ब झेलतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून तसाच राहतो. सगळं ठीक असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर पेटतो आणि मंद होतो. हे काम एलईडीला जमत नाही, त्याचं स्वतःचंच आत सर्किट असतं. हे मी सांगितलं. दुकानदारानं मान न उचलता नऊ वॉटचा एलईडी पुढे सरकवला. काकाजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पिवळा बल्ब? कोंबड्या पाळल्या का भाऊ?"

दुकानातली चार माणसं हसली. त्यातला एक तर फक्त सुट्टे पैसे मागायला आला होता.

बल्ब शेवटी आमच्याच अडगळीच्या खोलीत सापडला. जोडला, तर भक्क पेटून राहिला. मग मागचे दोन जाड ट्रान्झिस्टर, २एन३०५५, एकेक करून सोडवले. दुसरा काढल्याबरोबर बल्ब मंदावला. ट्रान्झिस्टर चांगला होता. त्याच्याखालच्या अभ्रकाच्या चकतीला चीर गेली होती आणि चिरेवर मोहरीएवढा काळा डाग. या ट्रान्झिस्टरचं पत्र्याचं अंग म्हणजेच त्याचा कलेक्टर, त्याच्या तीन टोकांपैकी एक. तिथे पूर्ण सप्लाय. ज्यावर तो बसवतात तो गर्मी खेचणारा हीटसिंक अर्थ केलेल्या बॉडीला. दोघांच्या मध्ये वीज अडवायला कागदापेक्षा पातळ अभ्रक, तेच फुटलेलं. स्क्रू जास्त आवळला की असं होतं. दिवाळीच्या साफसफाईत ते स्क्रू मीच आवळले होते. हे इथं लिहितोय, दुकानात बोललो नाही.

पण याआधी ज्या मेकॅनिककडे दिला होता, त्यानं आठवडाभर ठेवून, दोनशे रुपये चेकिंगचे घेऊन 'पार्ट येत नाही, ब्लूटूथ घ्या' म्हणून परत केला, त्याचं काय? मला नाही वाटत त्यानं झाकण उघडलं असेल. वरची धूळ जशीच्या तशी होती. आजकाल दुरुस्त करून द्या म्हटलं की लोक अशा नजरेनं बघतात, जणू आपण उधार मागतोय.

अभ्रक आणायला परत त्याच दुकानात. दहा रुपयांचं.

"अभ्रक ना? म्हटलं होतं मी."

"तुम्ही कोंबड्या म्हटलं होतं काकाजी."

"बरं," ते म्हणाले. म्हणजे पोराला म्हणतात तसं.

काल स्पीकरची वायर आणायला गेलो, तर एक मुलगा मिक्सर मांडीवर घेऊन बसला होता आणि काकाजी त्याला सांगत होते, "यांचा ॲम्प्लिफायर चार जागी फिरला, कोणाले जमला नाही. शेवटी आपण इथं बसल्या बसल्या काढला फॉल्ट. विचार ना यांना!"

मुलगा माझ्याकडे आशेनं बघत होता. दुकानदारानं पहिल्यांदाच मोबाईलमधून मान वर काढली, बाहेरच्या टपरीवाल्याला तीन चहा सांगितले आणि बोट माझ्याकडे केलं.