पुन्हा तोच रुगल!

तीस वर्षं झाली, तरी या रुगलवरचा राग जात नाही! १९९४चा ‘किंग ऑफ फायटर्स’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम, आणि हा त्यातला शेवटचा व्हिलन. परळच्या गेम पार्लरमध्ये माझे खाऊचे सगळे पैसे यानेच गिळले, आणि आता लोकलमध्ये मोबाइलवरही तेच. लांब राहिलं की याची रेप्पुकेन नावाची ऊर्जेची लाट जमिनीवरून सरपटत येणार. त्यावरून उडी मारली की जेनोसाइड कटर, म्हणजे याची हवेतली लाथ! एका लाथेत अर्धी लाइफ साफ. मी बटण दाबायच्या आत याला कळतं कसं? जिवाच्या आकांताने एकदा हरवावं, तर कोट काढून हा पुन्हा उभा! मग आधीची मारामारी कसली होती? कठीण असू दे की, पण नियम दोघांना एकच नकोत? करी रोड गेलं, अंगठा ठणकतोय, आणि स्क्रीनवर परत कंटिन्यूचा काउंटडाउन.