चौथ्या पटावरचा गडी

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. विद्यापीठाकडून बुद्धिबळ खेळलेल्या पोट्ट्यांचा. सगळे पन्नाशीला टेकले, पण ग्रुपवर अजून पोट्टेच. एरवी तिथे देवाचे फोटो, पावसाचे व्हिडिओ आणि कापसाचा भाव एवढंच चालतं. गेल्या आठवड्यात मात्र एकाने लांबलचक मजकूर टाकला. तो एका कॉलेजात क्रीडा संचालक आहे. त्याचं म्हणणं, संघ निवडायला इंटरकॉलेज स्पर्धा घ्यायचीच कशाला? सरळ फिडेचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेचं, रेटिंग बघा, वरची नावं उचला आणि झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला पाठवा. खेड्यातल्या कॉलेजांची पोरं टीए-डीए खातात, ओळीने डाव हरतात आणि ट्रॅकसूट घेऊन घरी येतात. शेवटी नेहमीची फोडणी: अमेरिकेतली विद्यापीठं बघा, बुद्धिबळपटूंना फुल स्कॉलरशिप देतात. खाली टेक्सासच्या एका विद्यापीठाचा फोटो आणि त्याखाली मला टोला: ‘विचारा आपल्या अमेरिकावाल्याले, खरं हाय का नाही.’

खरं आहे. आणि नेमका त्याचाच राग आला.

मी टेक्सासात, डॅलसजवळच्या फ्रिस्कोत राहतो. टोलवे मोकळा असेल तर यूटी डॅलस (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, डॅलस) घरापासून अर्ध्या तासाच्या आत. त्यांचा बुद्धिबळाचा कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे आणि विद्यापीठाला फुटबॉलचा संघ नाही, तेही टेक्सासात राहून! डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीच्या सुरुवातीला पॅन-ॲम ही विद्यापीठांची सांघिक स्पर्धा होते, चार पटांचे, म्हणजे एका वेळी चार खेळाडूंचे, संघ असतात, त्यातली अमेरिकेतली वरची चार विद्यापीठं पुढे फायनल फोर खेळतात. या संघांचे डाव मी हौसेने बघत आलोय. पटावर कोण बसलेलं असतं? आर्मेनियाचा ग्रँडमास्टर, पोलंडचा ग्रँडमास्टर, क्युबाचा, उझबेकिस्तानचा, हल्ली आपल्याकडचेही बरेच. टेक्सासमधल्याच लबक किंवा ॲमरिलोच्या पुढच्या एखाद्या कापसाच्या गावातून आलेलं पोरगं त्या टेबलाशी बसलेलं मी पाहिलेलं नाही. कापूस तिकडेही पिकतो. त्या शेतकऱ्याच्या पोराने बुद्धिबळ खेळू नये असं कुणी म्हणत नाही, फक्त विद्यापीठाच्या संघात त्याला जागा नाही. ती जागा आधीच, रेटिंग बघून, समुद्रापलीकडच्या कुणाला तरी दिलेली असते.

लबकचंच घ्या. तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठात माजी महिला विश्वविजेत्या सुझन पोल्गारबाईंनी २००७ मध्ये बुद्धिबळाची संस्था काढली. २०११ आणि २०१२ ला फायनल फोर जिंकली. मग बाई सेंट लुईसच्या वेब्स्टर विद्यापीठात गेल्या आणि जिंकणारा संघच्या संघ त्यांच्यामागे गेला. पुढच्या वर्षी वेब्स्टर विजेतं. यात बेकायदेशीर काही नाही, खेळही उच्च दर्जाचा. पण काल लबकसाठी खेळणारा पोरगा आज सेंट लुईससाठी खेळतो, तेव्हा तो नक्की कुणाचा, असं मला वाटून जातं. हा प्रश्न मी विचारावा यातला विनोद मला कळतो. त्यावर पुढे येतोच.

ग्रुपवर एकाने लगेच ब्राउन्सविल काढलं. यूट्यूबवर बघितलं असणार. मेक्सिकोच्या सीमेवरचं गरीब गाव, एका प्राथमिक शाळेतल्या गुआहार्दो नावाच्या मास्तरने मुलांना बुद्धिबळ शिकवलं आणि नव्वदच्या दशकात त्या पोरांनी राज्याच्या स्पर्धा मारल्या. गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. पण ती प्राथमिक शाळेची गोष्ट आहे रे बावा! त्याच रिओ ग्रँडे खोऱ्यातल्या विद्यापीठाने २०१८ आणि २०१९ ला फायनल फोर जिंकली, तेव्हा पटांवर रशियन, पोलिश, आर्मेनियन आणि क्युबन खेळाडू होते. गुआहार्दो मास्तरची पोरं तोवर कुठे गेली, ते त्या व्हिडिओत नसतं.

आता आमच्याकडचं. माझं गाव वर्धा नदीच्या काठचं. कुठल्या काठचं ते सांगत नाही, कारण अलीकडच्या आणि पलीकडच्या काठाची विद्यापीठं वेगळी आणि मला कुणाची अब्रू काढायची नाही. १९९८ च्या आसपास आमच्या संघाकडे सरावाला घड्याळं होती दोन. इन्फॉर्मेटर या बुद्धिबळाच्या नियतकालिकाचे जुने अंक झेरॉक्स काढून फिरायचे, झेरॉक्सची झेरॉक्स, त्यामुळे पांढरा उंट कोणता आणि काळा कोणता हे अंदाजाने ठरवायचं. फिडेचं रेटिंग तेव्हा दोन हजाराला सुरू व्हायचं, म्हणजे ते आमच्या गावी पेपरातच दिसायचं. इंटरकॉलेजला मात्र कुणीही येऊ शकत होतं. कॉलेजात नाव असलं आणि प्राचार्यांची सही असली की झालं. तालुक्याच्या कॉलेजात सकाळी खेळायला बसायचं, दुपारी भाजी-पोळीचं पाकीट, आणि वरच्या नंबरांतून संघ.

त्यात आमचा चौथ्या पटावरचा गडी सापडला. बीएचा विद्यार्थी, घरी कोरडवाहू पाच एकर. त्याला बुद्धिबळ शिकवलं होतं मारोतीच्या पारावरच्या म्हाताऱ्यांनी, तेही देशी नियमांनी: प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर सरकणार, राजाला शह बसायच्या आत एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी, आणि सगळ्यात मानाची ती प्यादेमात. हत्ती-वजिराने मात केली तर पारावर कुणी फार कौतुक करायचं नाही. फिडेचे नियम मी त्याला एसटीत शिकवले. किल्लेकोट शिकायला त्याला आर्वीपर्यंतही लागलं नाही. घड्याळ मात्र त्याच्या अंगवळणी पडेना.

झोनला एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठाशी आमची गाठ पडली. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, वर पंखे गरगरताहेत, पटाचे रेक्झिनचे कोपरे उडू नयेत म्हणून त्यावर स्कोअरशीटचं पॅड. याच्यासमोरचा पोरगा रेटेड, स्वतःचं पेन घेऊन आलेला. आमचा गडी मोहरा उचलायचा तो सरकी टोबल्यासारखा, अंगठा आणि दोन बोटं, आणि घरात दाबून ठेवायचा. चाल करायचा उजव्या हाताने आणि घड्याळ दाबायचा डाव्याने, कारण घड्याळ डावीकडे होतं. हे चालत नाही, ज्या हाताने चाल त्याच हाताने घड्याळ. पंच आले, एकदा समज दिली. पुन्हा तसंच झालं, पुन्हा समज. तिसऱ्यांदा ते येताना दिसले तसा हा डावा हात मांडीखाली दाबून बसला. पुढचे तीन तास तो हात बाहेर आला नाही. पाणीसुद्धा उजव्याच हाताने, आणि स्वतःच्या चालीच्या वेळी प्यायला नाही.

डाव गेलेलाच होता. शेवटी समोरच्याकडे राजा, उंट आणि अगदी कडेच्या पट्टीतलं एक प्यादं. याच्याकडे नुसता राजा. आम्ही बाकीचे आपापले डाव संपवून मागे उभे, चेहरे पडलेले. पण समोरच्याचा उंट पांढऱ्या घरांतून फिरणारा आणि ज्या घरात त्या प्याद्याचा वजीर व्हायचा ते घर काळं. आमच्या गड्याने राजा त्या कोपऱ्यात नेऊन घातला आणि तिथेच एका घरातून दुसऱ्या घरात करत राहिला. त्या कोपऱ्यातून त्याला हुसकता येत नाही, जबरदस्ती केली तर त्याची चाल कोंडते आणि डाव बरोबरीत जातो. रेटेड पोराने बराच वेळ प्रयत्न केला. मग त्याने हात पुढे केला. आमच्या गड्याने आधी पंचांकडे बघितलं, हात कुठला द्यायचा म्हणून.

सामना आम्ही हरलोच. झोनमध्येही खालीच राहिलो. क्रीडा संचालकसाहेब म्हणतात ते हेच ना, टीए-डीए खाऊन आले? हो, खाल्ला. परतीच्या वाटेवर स्टेशनबाहेर त्यातून आलूबोंडा-तर्रीही खाल्ली. माझं म्हणणं, तो विद्यापीठाचा सगळ्यात चांगला खर्च होता.

कारण विद्यापीठाच्या संघातून ग्रँडमास्टर तयार होतात, ही समजूतच बाळबोध आहे. नागपूरचा रौनक साधवानी २०१९ मध्ये ग्रँडमास्टर झाला तेव्हा तेरा वर्षांचा होता. दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक घेतला तेव्हा ती एकोणीसची. या वयाला आमच्या खेड्यातली पोरं एफवायचा फॉर्म भरायला रांगेत उभी असतात. ज्याला ग्रँडमास्टर व्हायचं तो तोवर होऊन गेलेला असतो किंवा निदान वाटेला लागलेला असतो. त्याला विद्यापीठाच्या ट्रॅकसूटची गरज नाही. ग्रँडमास्टर संकल्प गुप्ता, रौनक, दिव्या, तिघंही नागपूरचे. अभिमान आहेच. पण नागपूर म्हणजे वरुड नव्हे, मारेगाव नव्हे, एटापल्ली तर नव्हेच. तिकडच्या पोरासाठी इंटरकॉलेज हाच एक दरवाजा आहे, जिथे रेटिंग विचारत नाहीत.

आता तर पहिलं रेटिंग मिळवायलाच रेटेड खेळाडूंशी पाच डाव खेळावे लागतात आणि मार्च २०२४ पासून १४०० च्या खाली रेटिंगच नाही. ते पाच डाव मिळवायला नागपूर नाहीतर पुणे गाठायचं, चार-पाच दिवसांची स्पर्धा, एन्ट्री फी, लॉज, सोबत एक मोठं माणूस. दिवाळीनंतर वेचणीला बाया मिळत नाहीत, तेव्हा कोणता बाप कापूस सोडून पोराबरोबर लॉजवर राहील? रेटिंगवर संघ निवडा याचा सरळ अर्थ, नागपूरच्या धरमपेठ आणि बजाजनगरातून संघ निवडा.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. रात्री जागून, मुद्देसूद. सकाळी उठून बघतो तर एकच उत्तर: ‘तुले काय जाते बे, तू त तिकडं बसून हायस.’ त्यावर सहा जणांचे हसरे चेहरे.

दोन दिवस मी काही लिहिलं नाही.

माझी लेक इथे शाळेच्या टीमसाठी खेळते. यूएस चेसचं रेटिंग आहे तिला, बापापेक्षा नक्कीच बरं. तिचा कोच झूमवर शिकवतो. तो नागपूरचा आहे. आमचे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेसहा, म्हणजे तो माझ्या पोरीसाठी पहाटे उठून चहा ठेवतो. तासाची फी मला शेजारच्या प्लेनोत दोघांनी जेवून येण्याएवढी. तेवढ्या पैशात तो आर्वीला किंवा वणीला रविवारी जाऊन वीस पोरांना शिकवू शकला असता, पण तो जाणार का, आणि मी त्याच्या जागी असतो तर गेलो असतो का? त्याची बाजू मला कळते. त्याच्याकडे अशी माझ्यासारख्यांची पोरं बरीच आहेत. विदर्भात कोच मिळत नाहीत म्हणून ग्रुपवर गळा काढणाऱ्यांमध्ये मीही असतो.

बाटुमीचा टायब्रेक सोमवारी होता. इकडे सकाळ. ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून मी फोनवर डाव बघत होतो. दिव्या जिंकली आणि मी टीमला सांगितलं, आमच्याकडची पोरगी आहे. मॅनेजरने विचारलं, तुझ्या गावची? मी हो म्हणालो. नागपूरच्या पोरांचा आम्हाला तेव्हा काय राग यायचा! त्यांचे बूट, त्यांची पुस्तकं, डाव जिंकल्यावर आमच्याकडे न बघता उठून जाणं. फ्रिस्कोतून बघितलं की नागपूर आणि माझं गाव यांच्यात एक बोटही मावत नाही. तिकडे राहणाऱ्याला मात्र त्या दोन गावांमधली एसटी चुकली तर काय होतं ते ठाऊक असतं. क्रीडा संचालकसाहेब अजून तिथेच आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या हॉलचा पंखा बंद पडतो, पोरांचे फॉर्म तेच भरून घेतात, प्राचार्यांची सही तेच आणतात. मी इथे एचईबी या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून त्यांना गरिबांची बाजू समजावतोय.

तरी माझं म्हणणं मागे घेत नाही. आमचा चौथ्या पटावरचा गडी आज तलाठी कार्यालयात कोतवाल आहे. त्या ग्रुपवर तोही आहे, पण रोज सकाळी गजानन महाराजांचा फोटो टाकण्यापलीकडे बोलत नाही. या भांडणातही बोलला नाही. त्याच्या जागी मी बोलतोय हे त्याला आवडलं की नाही, ते विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

परवा मी शेवटचं लिहिलं ते असं: वरचे दोन पट रेटिंगवाल्यांना द्या, तुमचीही इज्जत राहील. खालचे पट इंटरकॉलेजचे, तिथे रेटिंग बघायचं नाही. आणि सरावाला दोन घड्याळं पुरत नाहीत, आठ पाठवतो, डीजीटी कंपनीची, पुढच्या महिन्यात एकजण येतोय त्याच्या बॅगेत. संचालकसाहेबांनी लगेच उत्तर दिलं, घड्याळं पाठव, पटांचं बघू. मी म्हटलं, पटांचं आधी ठरवा. घड्याळं काय, ती मी पाठवणारच आहे, पण हे त्यांना इतक्यात कळायला नको.