आधी किताब तरी उघडा

आज एका चर्चासत्रात दिवसभर बसून आले. विषय, मदरशांचा अभ्यासक्रम. सहा निबंध वाचले गेले. सहाही निबंधांत ‘आधुनिकीकरण’, तिघांत ‘कट्टरता’. अभ्यासक्रमातल्या एकाही पुस्तकाचं नाव नाही. एकाही!

मला मामू आठवले. मी शाळेत असताना त्यांच्या मदरशात एक संशोधक आला होता, छापील फॉर्म घेऊन. कॉम्प्युटर किती? इंग्रजी कोण शिकवतं? मामू तास सोडून उठले होते. तिपाईवर ‘हिदाया’, इस्लामी कायद्याची जुनी किताब, उघडीच. मधे मूळ मजकूर, भोवती टिपा, त्या टिपांना तिरक्या ओळींत आणखी टिपा. चहा द्यायला मीच गेले होते. साहेबांनी कप किताबीशेजारी ठेवला आणि रकाने भरत बसले.

२००१ च्या ११ सप्टेंबरनंतर या विषयाला नुसतं पीक आलंय. २००६ मध्ये मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी सच्चर समितीने सांगितलं की शाळेच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ टक्के मदरशात जातात. उरलेल्यांच्या गळक्या शाळांवर पीएचडी करायला कुणाला वेळ आहे!

आणि ‘मध्ययुगीन’ म्हणून नाक मुरडता तो दर्स-ए-निजामी, म्हणजे मदरशांचा अभ्यासक्रम, अठराव्या शतकातला, लखनौच्या फिरंगी महलातल्या मुल्ला निजामुद्दीन यांचा. त्यात तर्कशास्त्र होतं, युक्लिडची भूमिती होती. शिकून बाहेर पडणारे काझी व्हायचे, सरकारदरबारी लागायचे. ‘हिदाया’चं तर १७९१ मध्ये इंग्रजी भाषांतर झालं, ईस्ट इंडिया कंपनीच्या कोर्टांना लागत होतं म्हणून. गोऱ्यांनी निदान उघडून तरी बघितलं, मतलबासाठी का होईना.

बरं बाबा, गणित-इंग्रजी हवंच. मामूंच्या मदरशातल्या मुलांना बँकेची स्लिप भरता यायची नाही, मी पाहिलंय. मदरशात बसून, किताबी वाचून लिहिणारे संशोधकही आहेत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मामू मात्र चिडले नव्हते. तो फॉर्मवाला गेल्यावर एवढंच म्हणाले, “उने पूछाच नै.”

विचारलं असतं तर त्या दिवशीचं पान दाखवलं असतं. एका मसल्यावर, म्हणजे कायद्याच्या प्रश्नावर, इमाम अबू हनीफा या जुन्या कायदेपंडितांचं एक मत, त्यांच्याच दोन शागिर्दांचं उलट, आणि दोन्ही बाजूंच्या दलीली. त्यावर पोरांची अशी हुज्जत चालली होती की आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. कप उचलायला गेले तेव्हा फॉर्मवर नजर गेली. ‘अध्यापनाची पद्धत’ या रकान्यात त्याने लिहिलं होतं: पाठांतर.